कारवान कुत्रा : आरोग्य, आयुर्मान आणि आयुष्यभराची देखभाल

लातूर जिल्ह्याचं नाव पशुपालनात निघालं की आधी देवणी गाय आठवते. याच जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं दुसरं जनावर म्हणजे कारवान कुत्रा. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूच्या शेतवस्त्यांवरही लांब तोंडाचा, खोल छातीचा, आत गेलेल्या पोटाचा हा उंच कुत्रा राखणीला दिसतो. रानडुकरं पिकात शिरू नयेत, रात्री कोणी अनोळखी गोठ्याकडे येऊ नये, यासाठी तो पाळला जातो.

नीट सांभाळला तर हा कुत्रा साधारण १० ते १४ वर्षं जगतो. त्यातली जोमाने पळण्याची वर्षं सहा-सात. पहिलं दीड वर्ष वाढण्यात जातं आणि शेवटची तीन-चार वर्षं म्हातारपणाची असतात. म्हणजे पिल्लू घरी आणताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जो वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा असतो, तो त्याच्या आयुष्याचा जेमतेम निम्मा भाग आहे. उरलेला निम्मा भागही सांभाळावाच लागतो आणि देखभालीत कसूर होते ती बहुतेक तिथेच.

नावं अनेक, कुत्रा एक

मराठवाड्यात याला कारवान, करवान किंवा कारवानी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवाँबरोबर, पश्चिम आणि मध्य आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून ही जात घडली, असं मानलं जातं आणि नावही त्यावरूनच पडलं. कान, पाय आणि शेपटीवर लांब रेशमी केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, पूर्वीच्या मुधोळ संस्थानात, हाच कुत्रा मुधोळ हाउंड झाला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीला आश्रय दिला. त्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिल्याची हकिकत मुधोळमध्ये आजही सांगतात.

कागदोपत्रीही हा नावांचा घोळ कायम आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ अशी. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातही नाव मुधोळ हाउंडचं होतं. मुधोळजवळ तिम्मापूर इथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या जातीचा उल्लेख केला आणि पिल्लांची मागणी एकदम वाढली. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही कारवान दिसू लागले. शेतवस्तीसाठी घडलेल्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावर ठेवायचं म्हणजे त्याच्या शरीराची नीट ओळख असायलाच हवी.

पळण्यासाठी घडलेलं शरीर

कारवान वासावर नव्हे, नजरेवर शिकार करणाऱ्या कुत्र्यांपैकी आहे. ग्रेहाउंड, सलूकी, व्हिपेट हे त्याचे याच गटातले परदेशी भाऊबंद. खांद्यापाशी उंची साधारण २६ ते २९ इंच, पण वजन जेमतेम २० ते २८ किलो. भरधाव पळताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात : एकदा शरीर धनुष्यासारखं आकसलेलं असताना आणि एकदा पूर्ण ताणलेलं असताना. छातीत मोठं हृदय आणि ऐसपैस फुप्फुसं, कातडीखाली चरबी जवळजवळ नाही, कातडी पातळ, केस आखूड.

या ठेवणीमुळे आरोग्याच्या बाबतीत काही गोष्टी इतर कुत्र्यांहून वेगळ्या होतात.

पहिली, बरगड्या दिसणं. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेच्या हाडांची टोकं हलकी दिसणं हे निरोगी कारवानचं लक्षण आहे. पाहुणा ‘उपाशी ठेवता का त्याला’ म्हणतो आणि मालक भाकरी वाढवतो, हे शहरात विशेष घडतं. जाड झालेल्या कारवानचे सांधे लवकर खराब होतात. मात्र पाठीचा कणा मण्यामण्याने उठून दिसत असेल, मांड्यांचं मांस उतरलं असेल, तर तो खरोखरच अशक्त आहे. अशा वेळी जंत, गोचीड ताप किंवा अपुरं खाणं यांचा शोध घ्यावा.

दुसरी गोष्ट भुलीची. थायोपेंटोनसारखी काही भुलीची औषधं शरीरातल्या चरबीत पसरून आणि यकृतात मोडून उतरतात. या गटातल्या कुत्र्यांत चरबी कमी आणि ग्रेहाउंडमध्ये यकृताचं ते कामही संथ, त्यामुळे कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही, कधी दगावतोही. आता सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर गाई, म्हशी आणि शेळ्याच जास्त येतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी ‘हा कारवान आहे, ग्रेहाउंडच्या गटातला’ एवढं मालकाने स्वतःहून सांगणं शहाणपणाचं.

तिसरी गोष्ट रक्ततपासणीची. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त असतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट थोड्या कमी असतात. थायरॉइडचा आकडाही मुळातच कमी येतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘सामान्य’ मर्यादा अशा कुत्र्यांच्या बाबतीत दिशाभूल करू शकते. कागदावर ठीक दिसणारा कुत्रा खरं तर रक्तक्षयाकडे निघालेला असू शकतो आणि धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. यावर उपाय सोपा आहे. कुत्रा दीड-दोन वर्षांचा, पूर्ण निरोगी असताना एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवावा. पुढे आजारपणात तुलना त्या कागदाशी करता येते.

पहिलं वर्ष

या जातीत पिल्लू झपाट्याने उंच होतं. सहा-सात महिन्यांत पायांची लांबी पाहून तो मोठा झाला असं वाटतं, पण हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात. मोटारसायकलमागे पळवण्याची हौस याच वयात सुरू होते आणि पायांचं कायमचं नुकसानही याच वयात होतं. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत पिल्लाने आपल्या मर्जीने खेळावं, दमल्यावर झोपावं. कडक डांबरी रस्त्यावर दोरीला बांधून पळवू नये.

मराठवाड्यात कुत्र्याचं पारंपरिक खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी, दूध किंवा ताक आणि घरातलं उरलंसुरलं. मोठ्या कुत्र्याची त्यावर बऱ्यापैकी गुजराण होते, पण वाढत्या पिल्लाला हे पुरत नाही. नुसत्या भाकरीत प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. पुढचे पाय वाकडे होणं, मनगटाचा सांधा सुजणं, पंजे सपाट पडणं ही त्याची खूण. भाकरी बंद करायची गरज नाही, तिच्याबरोबर रोज अंडं, शिजवलेलं चिकन किंवा मासळी, दही आणि शिजवलेली डाळ हवी. कॅल्शियमचं औषध मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओतू नये. जास्तीच्या कॅल्शियमनेही मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं बिघडतात.

कांद्या-लसणाची भाजी किंवा रस्सा कुत्र्याला देऊ नये. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. बकरं कापल्यावर कच्चं फुप्फुस, काळीज कुत्र्याला टाकण्याची पद्धत अनेक गावांत आहे. ती धोक्याची आहे, आणि हा धोका कुत्र्यापेक्षा माणसाला अधिक. त्यातल्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी तयार होतात.

लसींचं वेळापत्रक इतर कुत्र्यांसारखंच आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, वर्षाने पुन्हा आणि पुढे दरवर्षी. एकच डोस देऊन ‘इंजेक्शन झालं’ म्हणणं ही मोठी चूक आहे. पार्व्होने रक्ताचे जुलाब होऊन मेलेल्या अनेक पिल्लांना पहिला डोस मिळालेला असतो, पण आईच्या दुधातून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे तो वाया गेलेला असतो. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, आठ-दहा आठवड्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि मग दर तीन महिन्यांनी.

किती पळवायचं, कुठे पळवायचं

मोठ्या कारवानला दिवसातून दोनदा चालणं आणि एकदा दोरीशिवाय मनसोक्त पळणं लागतं. सगळं मिळून तास-दीड तास. हे मिळालं की उरलेला दिवस तो इतका शांत झोपतो की हाच का तो कुत्रा असं वाटावं. हे नाही मिळालं आणि दिवसरात्र साखळीला बांधला, तर तो चिडका होतो, स्वतःची शेपटी चावतो, जागच्या जागी गोल फिरतो. कायम बांधलेल्या कुत्र्याच्या कोपरांवर आणि कमरेच्या हाडांवर जखमा होतात, कारण खाली फरशी किंवा माती आणि मध्ये चरबीची गादी नाही. झोपायला पोतं किंवा जुनी गोधडी हवी. थंडीतही या कुत्र्याला अंगावर काहीतरी लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या आखाड्यावर तो कुडकुडतो.

उन्हाळ्यात मात्र वेळेला फार महत्त्व. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. पळताना स्नायूंत तयार होणारी उष्णता आणि बाहेरचं ऊन एकत्र आलं की दहा मिनिटांत उष्माघात होऊ शकतो. एप्रिल ते जूनमध्ये पळवणं सूर्योदयाच्या आसपास उरकावं. लाळ घट्ट होणं, हिरड्या गडद लाल होणं, तोल जाणं ही लक्षणं दिसली की आधी सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग पूर्ण भिजवावं, वारा घालावा आणि मग दवाखान्याकडे निघावं. ओलं पोतं अंगावर झाकून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात टंचाईच्या वर्षी घरच्या वापराबरोबर कुत्र्याच्या पाण्याचाही हिशेब धरावा लागतो.

रानातली संकटं या भागाची खास आहेत. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. भरधाव कुत्र्याचा पुढचा पाय त्यात अडकला की लांब बारीक हाड काडीसारखं मोडतं. तूर काढल्यावर राहिलेली टोकदार खुंटं छातीत घुसतात. काटेरी तारेने पातळ कातडी वीतभर फाटते. अशी जखम दिसायला भयंकर असली तरी त्याच दिवशी टाके घातले तर चांगली भरते. हळद लावून तीन दिवस वाट पाहिली तर टाके घालण्याची वेळ टळून जाते. कुसळं पंजांच्या बोटांत, कानात शिरतात आणि आत सरकत राहतात. एका बाजूला सारखं डोकं झटकणारा कुत्रा खोड्या करत नसतो, त्याच्या कानात बहुधा कुसळ असतं. सर्वांत वाईट म्हणजे कठडा नसलेल्या विहिरी. नजर सशावर खिळलेल्या कुत्र्याला पुढचा खड्डा दिसत नाही.

सशाचा विषय निघाला म्हणून कायद्याबद्दल. ससा, काळवीट, रानडुक्कर यांची कुत्रे सोडून शिकार करणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘जातच शिकारी, तो काय करणार’ हे उत्तर चालत नाही. ज्या रानात हरणांचे कळप येतात तिथे कुत्रा मोकळा सोडू नये. हाकेला परत येण्याची सवय सहा महिन्यांच्या आतच लावावी लागते, कारण एकदा पाठलाग सुरू झाला की ही जात हाक ऐकत नाही.

जेवण आणि पळणं यांत अंतर ठेवणं हा नियम खोल छातीच्या सगळ्या कुत्र्यांना लागू आहे. भरल्या पोटी पळाल्यावर पोट फुगून पिळा बसण्याचा धोका वाढतो. कुत्रा ओकारी काढायचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर येत नाही, पोट ढोलासारखं होतं, तो अस्वस्थपणे उठतो-बसतो. ही काही तासांचीच मुदत असते. सोडा पाजून काही होत नाही, शस्त्रक्रियाच लागते. एकदाच भरपूर खाऊ घालण्यापेक्षा दोन वेळा थोडं थोडं द्यावं आणि नंतर किमान तासभर विश्रांती.

गोचीड ताप

मराठवाड्यात मोठ्या कारवानचं आयुष्य ज्या आजारांनी हमखास कमी होतं, त्यांत गोचीड ताप पुढे आहे. हा एकच आजार नाही. कुत्र्याच्या तांबूस गोचिडीतून एर्लिशिया नावाचे जीवाणू येतात, गोचिडींतूनच बॅबेसिया नावाचे परजीवी तांबड्या रक्तपेशींत शिरतात आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एर्लिशियात ताप येतो, खाणं सुटतं, प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येतं. बॅबेसियात हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी काळपट, चहाच्या रंगाची होते.

यातली फसवी बाब अशी की एर्लिशियाचा पहिला ताप बरेचदा आपोआप उतरतो. कुत्रा पुन्हा खाऊ लागतो, मालक निश्चिंत होतो आणि जीवाणू महिनोन्‌महिने शरीरात दबून राहतात. मग वर्षा-दोन वर्षांनी कुत्रा खंगत जातो, आणि तेव्हा बोन मॅरो, म्हणजे हाडातला रक्त तयार करणारा मगजच, निकामी होऊ लागलेला असतो. कारवान मुळातच सडपातळ, त्यामुळे खंगणं उशिरा लक्षात येतं. डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात ते साधारण चार आठवड्यांसाठी. चार दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करणं म्हणजे आजाराला पुढची तारीख देणं. बॅबेसियाचं औषध वेगळं असतं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजाने इंजेक्शन घेऊन समाधान मानू नये.

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते त्याच्या कितीतरी पट घरात असते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि दगडी भिंतीच्या सांदीत, पत्र्याच्या वळचणीला किंवा दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही. तो झोपतो ती जागा आणि भिंतींच्या फटी बुजवणं, चुना लावणं, पोतं उन्हात टाकणं हे सगळं लागतं. गुरांच्या गोचिडींसाठी आणलेलं पातळ औषध किंवा पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला लावण्याची चूक सर्रास होते. पातळ कातडीतून ते आत जातं आणि कुत्रा लाळ गाळत, थरथरत पडतो. आयव्हरमेक्टिनचं गुरांचं इंजेक्शनही स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. कुत्र्यांसाठी आता महिनाभर किंवा तीन महिने चालणाऱ्या गोचिडीच्या गोळ्या मिळतात. त्या महाग वाटतात, पण प्लेटलेट घटलेल्या कुत्र्याच्या महिनाभराच्या उपचारापेक्षा स्वस्त पडतात.

विष, साप आणि घरातल्या गोळ्या

शेतात थायमेट, उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड, डुकरांसाठी कोणी ठेवलेलं विषारी आमिष यांतलं काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू शकतं. अशा वेळी डबा किंवा पाकीट दवाखान्यात बरोबर न्यावं, कारण उपचार विषावर ठरतो. मीठ-पाणी किंवा तेल पाजून वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवरची एकत्रित प्रतिविष लस कुत्र्यालाही देतात. तोंडावर किंवा पुढच्या पायाला अचानक मोठी सूज आली, कुत्रा मागच्या पायांवर कोसळू लागला, तर मांत्रिकाकडची फेरी टाळून थेट दवाखाना गाठावा.

ताप आला किंवा लंगडला म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल देणं कुत्र्याच्या जिवावर बेततं. पहिल्या दोन्हींनी पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं बंद पडतात, पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर जातं. कुत्र्यांसाठी दुखण्यावरची वेगळी औषधं असतात.

मादी, पिल्लं आणि रक्त

जातिवंत मादी म्हणजे घरची मिळकत, असं जिथे झालं तिथे तिच्या तब्येतीचा हिशेब मागे पडतो. प्रत्येक माजावर भरवलेली मादी पाच-सहा वर्षांतच दमलेली दिसते. कुत्रा-पैदाशीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम दीड वर्षाच्या आतल्या आणि आठ वर्षांवरच्या मादीला भरवू देत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाही मनाई करतात. पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. जत्रेत किंवा बाजारात पंचवीस-तीस दिवसांचं, डोळे नुकते उघडलेलं पिल्लू ‘दूध पितं, भाकरी खातं’ म्हणून विकलं जातं, ते या नियमात बसत नाही. त्या पिल्लाची प्रतिकारशक्तीही कच्ची असते.

आणखी एक प्रश्न जवळच्या रक्ताचा. चार गावांत एकाच नावाजलेल्या नराची संतती पसरली की भाऊ-बहीण, बाप-लेक अशी जोडी न कळत जमते. अंडकोश पोटातच राहणं, पिल्लांची संख्या घटणं, जन्मतः अशक्त पिल्लं निघणं हे त्याचे परिणाम. देवणी वळूची वंशावळ विचारणारा शेतकरी कुत्र्याच्या बाबतीत मात्र रंग आणि उंची एवढंच विचारतो. आई-बाप कोण, आजी-आजा कोण, हे वहीत लिहून ठेवलेलं पाहिल्याशिवाय जोडी लावू नये. दुसरीकडे, ग्रेहाउंडशी संकर करून ‘शुद्ध कारवान’ म्हणून विकण्याचे प्रकारही होतात.

मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते. ती संसर्गातून पसरते. दिसायला कॅन्सरच असली तरी व्हिंक्रिस्टिनच्या काही साप्ताहिक इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, म्हणून तिला पाहून कुत्रा सोडून देऊ नये. पिल्लं घ्यायची नसतील तर मादीचं गर्भाशय काढणं चांगलं. उतारवयात माजानंतर एक-दोन महिन्यांनी मादी खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि ते तातडीचं दुखणं असतं.

आठव्या वर्षानंतर

साधारण आठ वर्षांचा झाला की कारवान पळतो, पण थांबल्यावर लवकर सावरत नाही. सकाळी उठताना मागचे पाय ताठरतात. तोंडावरचे केस पांढरे होतात, डोळ्यांत निळसर झाक येते. ही झाक वयाची असते, ती म्हणजे मोतीबिंदू नव्हे. कुत्र्याला तेव्हा बरंचसं दिसत असतं. याच वयात राखणीसाठी नवं पिल्लू येतं आणि जुन्याचं खाणं, जागा, औषध सगळं आपोआप कमी होतं. काही जण ‘आता काय कामाचा’ म्हणून त्याला दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येतात. आयुष्यभर एका घराची हद्द राखलेला कुत्रा परक्या गावात कुत्र्यांच्या टोळीत फार दिवस टिकत नाही. पाळीव जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

म्हाताऱ्या कारवानची गरज मोठी नसते. पळणं कमी करून चालणं चालू ठेवावं, कारण पूर्ण बसवलेल्या कुत्र्याचे स्नायू काही आठवड्यांत उतरतात आणि मग सांधे अधिक दुखतात. मऊ अंथरूण, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं मऊ खाणं, नखं कापणं, दातांवरचं पिवळं कीटण काढून घेणं. चावायला त्रास होतो म्हणून खाणं सोडलेल्या कुत्र्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात, पण दुखणारा दात काढला की तो पुन्हा खातो. वर्षातून दोनदा रक्त-लघवी तपासून घ्यावी. खूप पाणी पिणं, वारंवार लघवी ही मूत्रपिंडं थकल्याची पहिली खूण असते.

एका लंगडण्याकडे विशेष लक्ष हवं. उंच, लांब पायांच्या जातींत हाडाचा कॅन्सर तुलनेने जास्त दिसतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा एकच पाय दुखतोय, मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ घट्ट सूज आहे आणि दोन आठवड्यांत फरक नाही, तर मुरगळलं असेल म्हणून चोळत बसू नये. चोळण्याने असं हाड मोडूही शकतं. एक्स-रे काढावा. लातूर जिल्ह्यात उदगीरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी परभणीलाही आहे. तालुक्याला न उलगडलेलं दुखणं अशा ठिकाणी न्यावं.

शेवटचा निर्णयही कधी मालकालाच घ्यावा लागतो. कुत्रा उठू शकत नाही, खात नाही, औषधानेही वेदना थांबत नाहीत आणि सुधारण्याची आशा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देऊन त्याला वेदनेशिवाय मरण देता येतं. हे पशुवैद्यकानेच करायचं काम आहे, आणि शक्यतो दवाखान्यात नेण्याऐवजी डॉक्टरांना वस्तीवर बोलावून. त्या वेळी घरचं कोणीतरी जवळ बसावं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, दोन-चार मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो, त्यानंतरचं दुसरं इंजेक्शन त्याला कळत नाही. पुरताना खड्डा किमान चार फूट खोल आणि विहिरीपासून लांब घ्यावा, कारण हे औषध मेल्यानंतरही शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावराला बाधतं.